रांगेतलं एकमेव गिऱ्हाईक

आमच्यापैकी कुणी आपल्या धंद्याबद्दल बोलायला उभं राहिलं, की सर मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकत. "बोला सावकाश. उशीर झाला की गिऱ्हाईकच सांगेल," म्हणत.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला राजाजीनगरात नव्या उद्योजकांचं शिबिर भरे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आमचा नुसता घाम काढत. सर ते चालवत. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत मध्येच कन्नड डोकावे. मी नुकताच पुण्याहून आलेला, तोही शिकायला नव्हे, शिकवायलाच आल्याच्या थाटात. माझी कंपनी होती. तिच्यात मी, एक संगणक आणि लेटरहेडचा गठ्ठा एवढे सगळे होतो. दिवाळीपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तर परत येऊन नोकरी धरायची, असं वडिलांनी बजावलं होतं. त्याची मला मनापासून धास्ती होती.

माझा शोध असा : उभ्याउभ्या इडली-कॉफी मिळणाऱ्या दर्शिनी हॉटेलांत कूपन संगणकाने द्यायचं. वर्गात मी त्यावर भरपूर इंग्रजी झाडलं.

"पुणेकर, तिथे कधी इडली खाल्लीत का?" सरांनी विचारलं.

"वेळ कुठे मिळतो, सर?"

"सरी, ठीक आहे. मग उद्या यंत्र घेऊनच चला."

माल विकायचा तिथेच, ऐन गर्दीत दाखवायचा, हा शिबिराचा नेम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक मांडीवर आणि छपाईयंत्र पायाशी घेऊन रिक्षाने सरांच्या ओळखीच्या दर्शिनीत पोचलो. माझ्यापुढे झकास रांग लागली. पहिल्या गृहस्थांनी इडली मागितली. मी त्यांचं नाव विचारलं. मग पत्ता.

"इडलीगे अड्रेस याके?" ते कडाडले.

इडलीला पत्ता कशाला, हे पुण्यात बसून आज्ञावली लिहिताना मला सुचलंच नव्हतं. गिऱ्हाइकाची संपूर्ण माहिती हवी, असा माझा बाणा! तेवढ्यात छपाईयंत्र कुरकुरू लागलं, आणि सगळी रांग मालकाच्या जुन्या गल्ल्याकडे वळली. माझ्यापुढे एकटे सर उरले. त्यांचं मनगट रिकामं होतं.

"सर, तुम्हीही तिकडून घ्या ना."

"का? मी तुमचं गिऱ्हाईक. एक कॉफी." मग त्यांनी नाव सांगितलं, जे. पी. नगरचा पत्ता सांगितला, अगदी घराजवळच्या देवळाच्या खुणेसकट. टाइप करताना मला समोरचं दिसेना. डोळे भरून आले होते.

कॉफी संपवून ते म्हणाले, "स्वल्प कापा. नाव काढा, पत्ता काढा."

"मग राहिलं काय, सर?"

"कॉफी."

मी कापलं. दिवाळीच्या आधी त्याच मालकाने यंत्र ठेवून घेतलं, आणि माझी नोकरी टळली.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या दर्शिनीत आजही आमचंच यंत्र आहे. कूपन चटकन हातात पडतं, कुणी कुणाला काही विचारत नाही. कधी तिथे गेलो, की मी गल्ल्यामागे थोडा वेळ उभा राहतो. रांगेत कुणी मनगट रिकामं असलेले वयस्कर गृहस्थ दिसले, की वाटतं, यांना तरी नाव विचारावं.