मिठातली कॅसेट

कॅसेट हातात आली की काका आधी तिचा वास घेत. कुणाची, कुठली, लग्न कुणाचं, काही विचारायचं नाही. झडप बोटानं वर करायची, नाक आत खुपसायचं आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "बुरशी." किंवा, "दमट हाय, पण जगंल." समोरचा चुळबुळला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई हाय का? मग घेऊन जावा."

बोईसरला आमच्या समोरच्या दारात काका राहायचे. मूळचे सांगलीकडचे. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात गेज आणि मीटर दुरुस्त करण्यात त्यांची नोकरी सरली, नाकावर भरवसा ठेवायची सवय तिथलीच. बायको गेल्यावर त्यांनी पुढच्या खोलीतला पलंग काढून टाकला, तिथे दोन व्हीसीआर आणि एक संगणक मांडला आणि लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी साफ करून संगणकात उतरवून द्यायला लागले. एक व्हीसीआर नुसता फीत गुंडाळायला. चित्र दाखवायचा तो दुसरा. त्याच्यावर मी चहाचा कप ठेवला तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "फीत वाचतं ते ह्याचं हेड गेलं की दुकान बंद, बाई. नवीन मिळत नाय आता."

मी शाळेत शिकवते म्हणून 'बाई'. शाळेतून आले की मला कामाला लावत. कॅसेट चालू असताना त्यांची नजर फिरणाऱ्या फितीवर असायची, पडदा बघायचं काम माझं.

"काय दिसतंय?"

"नवरी रडतेय."

"रडू दे. रेघा हायत का?"

अशी मी निम्म्या तालुक्याची लग्नं फुकटात पाहिली. त्यांनी एकही पाहिलं नाही.

एका श्रावणात किनाऱ्यावरच्या घिवलीहून एक मावशी आल्या. हातात स्टीलचा डबा. झाकण काढलं तर आत खडेमीठ आणि मिठात पुरलेली कॅसेट. काकांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"मिठात कुणी घातली?"

"मीच. घर गलला, भिजली ती. मिठात मासा टिकतं, मंग ही का नाय टिकनार?"

मला हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणी माझी मला लाज वाटली. मावशींचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नव्हता. मुलगा तेव्हा तान्हा. आता त्याचं लग्न ठरलं होतं, आणि ही कॅसेट दिराच्या हळदीची होती.

"हिच्यान त्याचा बापूस हाय. पोरगा सारखा इचारतं, बाबा चालाचा कसा? फोटोत काय चालतं का मानूस?"

काकांनी डबा परत सरकवला. "एक खडा हेडला घासला की मशीन मेलं. ह्या कपाटात इतक्या लोकांच्या कॅसेटी हायत. त्यांनी काय करायचं?"

मावशी हलल्या नाहीत. "मंग त्यांचा करा आदी. माजा शेवटी करा."

मला काकांचा असा राग आला की उठून घरी जावंसं वाटलं. पण त्यांनी डबा ठेवून घेतला.

मीठ हवेतलं पाणी ओढतं. थांबण्यात फितीचंच नुकसान होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी त्याच दिवशी कॅसेटचे पाच स्क्रू काढले. रोज चहा झाला की थोडी थोडी फीत बाहेर ओढून, आधी बॅटरीत घालायच्या पाण्यानं, मग स्पिरिटनं, चष्म्याच्या फडक्यानं पुसत बसायचे. उरलेला दिवस इतरांच्या कॅसेटी. या काळात जेवायलाही घाई. "काका, घाई हाय का?" असं मी एकदा म्हणून पाहिलं. हसले नाहीत.

नवरात्रात इतरांच्या कॅसेटी संपून कपाट रिकामं झालं. काकांनी शुक्रवार धरला, कारखान्यांची सुट्टी, व्होल्टेज स्थिर. मावशी पदराचं टोक मुठीत धरून बसल्या.

"एकदाच चालंल," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या. मग मांडव दिसला.

"काय दिसतंय?"

"बायका नाचतायत."

यंत्रातून करकर आवाज आला. काकांचं बोट बटणावर गेलं. "खडा लागतोय. थांबवू?"

आता थांबवलं असतं तर यंत्र वाचलं असतं.  मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मीच म्हणाले, "नको."

बोट बाजूला झालं. करकर वाढली. पडद्यावर एक उंच माणूस हळदीचं ताट घेऊन मांडव ओलांडत आला, एक खांदा पाडून, पावलं बाहेर टाकत. मध्येच वळून हसला.

"ह्योच!" मावशी ओरडल्या.

पाच-सहा पावलं, आणि चित्र फाटलं. पडदा काळा. काकांनी दुसरी चांगली कॅसेट घालून पाहिली. फक्त मुंग्या. यंत्र संपलं होतं.

मी संगणकात पाहिलं. पावलं उतरली होती.

"भाऊ, तुमी बघितलात?" मावशींनी विचारलं.

"नाय. माझं लक्ष फितीवर."

मावशींनी त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "बसा. बघा."

मी त्यांना पडद्याकडे बघताना पहिल्यांदाच पाहत होते. तीनदा पाहिलं त्यांनी. "फेंगडा चालतोय की ओ," म्हणाले आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. मला ते त्या दिवशी फार आवडले.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांचं दार उघडलं नाही. पुण्याहून मुलगा आला, सगळं उरकून कुलूप लावून गेला.

तुळशीच्या लग्नानंतर मावशी जिना चढून आल्या, हातात पत्रिकांचा गठ्ठा. काका गेल्याचं मी सांगितलं, तशा त्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "द्या, मी ठेवते त्यांची पत्रिका."

"नाय. पयली त्यांचीच हाय."

त्या उठल्या. कुंकू लावलेली पत्रिका त्यांनी कुलपाच्या कडीत खोचली, उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. मग पदर सावरला आणि बंद दाराला म्हणाल्या, "भाऊ, बुधवारी हलद हाय. यायचा हं."