वंदनाने पट्टा का ढिला केला

आमची वंदना बुलेटप्रूफ जॅकेट घालूनच मेली.

जंगलातल्या ड्युटीवर. आज वर्ष झालं.

शहापूरच्या हॉस्टेलपासूनची माझी मैत्रीण. उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली. ती पोलिसात गेली, मी टेक्स्टाइल शिकून मुरबाडला एका कंपनीत लागले. माझं काम काय, तर याच जॅकेटांचं कापड डिझाइन करायचं.

नशिबाने थट्टा करायची म्हणजे किती करावी!

पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा हसत हसत सांगत होती, "जॅकेट कसलं गो, छातीवर पाट बांधल्यावानी वाटतं. गाडीत बसलं का गळ्याला लागतं. त्यापरीस आमचं पावसातलं इरलं बरं. दिवसभर वाकून भाताची आवणी केली तरी कुठं टोचत नाय."

जॅकेट पुरुषाच्या सपाट छातीवर बेतलेलं. बाईने घातलं की पुढून उचललं जातं आणि काखेखाली फट पडते.

कापड कापून, टाके घालून आकार देता येतो. पण टाक्यापाशी ते कच्चं राहतं, म्हणून वर आणखी थर द्यायचे. म्हणजे पुन्हा वजन.

मी वेगळी वीण बसवली. सगळे थर मागावरच तिरक्या धाग्यांनी एकमेकांत गुंतवले. न कापता साच्यावर दाबलं की कापड छातीचा बाक घ्यायचं. हलकंही होतं. साचा वंदनाच्या मापाचा. टेस्टिंगमध्ये पास झालं तेव्हा आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या ओरडलो होतो.

मग मीटिंग झाली. पोलीस खात्याचे खरेदीवाले साहेब म्हणाले, "मॅडम, कापड छान आहे. पण अशा ड्युटीवर लेडीज असतात किती? त्यांना स्मॉल साइज द्या ना."

स्मॉल!

सगळे हसले. चहा आला. विषय संपला.

वंदनाला स्मॉल मिळालं. गोळी काखेखालून गेली.

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? दहाव्याला आलेल्या एका साहेबांनी तिच्या आईला, म्हणजे माझ्या मावशीलाच म्हणा, ऐकवलं, "पट्टा ढिला होता हो. नीट बांधला असता तर वाचली असती."

सांत्वनाला आले होते हे.

तेव्हापासून मावशीने जिवाला एकच घोर लावून घेतला. आपली पोर निष्काळजी होती का? येईल-जाईल त्याला तेच विचारायची. मी वीण, थर, फट सगळं समजावून सांगितलं. तिला काही पटेना.

आज वर्षश्राद्धाला जाताना सॅम्पल रूममधून वंदनाला मिळालं होतं तसलंच स्मॉल जॅकेट उचललं. परवानगी घेतली नाही. काय करायचं ते करा.

"मावशी, हात वर कर," म्हटलं. तिच्या अंगात जॅकेट घातलं आणि बाजूचे पट्टे नियमात आहे तसे आवळले.

"आता खाली बस. वाक. ऊठ. जरा चालून दाखव."

ओटीपर्यंत जाताना तिला धाप लागली. "जीव घुसमटतो गो," म्हणाली आणि तिचा हात आपसूक बाजूला गेला. पट्टा तिने स्वतःच ढिला केला.



मावशी खाली बसली. म्हणाली, "एवढंच केलं होतं का गो माझ्या पोरीनं?"

"हो मावशी. एवढंच."

वंदना, तू श्वास घेतलास. त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. हे मी सगळ्यांसमोर लिहून ठेवते आहे.

निर्धास्त जा बाई आता.