खारी हवा

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. माझ्या बायकोला, सुलभाला, यातलं अर्धं ठाऊक आहे, आणि त्या अर्ध्यावर तिनेही कधी बोट ठेवलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढे माझं तोंड उघडत नाही, हे बासष्टाव्या वर्षी मान्य करायला हरकत नाही.

आधी समुद्राचं सांगतो. नाही, टाळत नाहीये — बरं, थोडं टाळतोय. पण समुद्राशिवाय हे तुम्हाला कळायचं नाही.

मी मूळचा निपाणीचा. कारवारला एका कॉलेजात चोवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पहिली दोन वर्षं एका अंधाऱ्या खोलीत काढली. मग लग्न झालं आणि समुद्रासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. गॅलरीत वेताच्या दोन खुर्च्या टाकल्या. सकाळी चहाचा कप हातात घेऊन होड्या परत येताना बघायच्या. रविवारी पिशवी घेऊन मासळी बाजारात जायचं. बांगडे, तिसऱ्या शिंपल्या, नशीब जोरावर असलं तर ताजी सुरमई. निपाणीत असताना माशाचे कल्ले उघडून बघायचे असतात एवढंही मला माहीत नव्हतं. वर्षभरात मी कोळणींशी कोकणीत हुज्जत घालायला लागलो. आणि संध्याकाळी वाळूवरची बैठक — आमचे शेजारी नाईक सर आणि इमारतीतली चार-पाच मंडळी. पाय पाण्यात सोडून बसायचं, भरती कुठवर येते त्यावर पैजा लावायच्या, सूर्य बुडाला की घरी जाऊन सोलकढी प्यायची.

मी सुखात होतो. लई सुखात. हा 'लई' आमच्या घरचा शब्द, आणि तिथल्या चोवीस वर्षांत मी तो चारचौघांत एकदाही उच्चारला नाही. बघा, यावरूनच तुम्हाला माझा अंदाज यायला हवा.

आता आक्का.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. पुढे आई-वडीलही एकापाठोपाठ गेले. घरात उरलो आम्ही दोघं. आक्काने बिड्या वळल्या. निपाणीत बायका काय करतात? बिड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि बोटं चाललेली. तिच्या मांडीशी बसून मी बाराखडी शिकलो, तिथेच बसून बी.एस्सी.चा अभ्यास केला. तिच्या लुगड्याला, केसांना, तिने थापलेल्या भाकरीलासुद्धा तंबाखूचा वास यायचा. लहानपणी मला तो वास म्हणजे घर वाटायचा. हातात काही नसलं तरी तिची बोटं वळतच राहायची — बोलताना, देवळात बसल्यावर, झोपेतसुद्धा.

आणि ती कुणालाही, अगदी एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईलाही, सांगायची, "बिड्या वळून शिकिवलाय त्येला. सर झालाय आता." केवढा अभिमान! हा अभिमानच मला नको होता.

कारण वाळूवरच्या पहिल्याच आठवड्यात नाईक सरांनी विचारलं होतं, निपाणीचे म्हणजे तुमच्या घरी काय करतात? मी म्हणालो, तंबाखूची वखार आहे आमची. का म्हणालो? कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. त्यांच्या घरी नारळाच्या बागा होत्या, दुसऱ्याचे वडील वकील होते — सगळे सहज बोलत होते आणि माझ्या तोंडून तेवढ्याच सहज ते निघून गेलं. आक्का ज्या वखारीच्या दारात पान-तंबाखू घ्यायला रांगेत उभी राहायची, ती मी एका वाक्यात आमची करून टाकली. त्या दिवसापासून मी तिथे 'वखारवाले सर' झालो. सुलभाला हे ठाऊक आहे. ती तेव्हा शेजारीच बसली होती, शिंपले निवडत.

एका दिवाळीला घरी गेलो होतो. आक्का चुलीपुढे करंज्या तळत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदा समिंदर दाव की रं मला. लई न्हाय, एकदाच. बघती आन् फिरती."

बस्स. एवढंच मागितलं. उभ्या जन्मात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

तुम्हाला वाटेल, मी म्हणालो असेन, पुढच्या महिन्यात ये. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं सांगू? आमची बैठक आली. वाळूवर नाईक सर, आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसलेली आक्का, रिकामी बोटं वळत, तंबाखूच्या वासाची — आणि पहिल्या पाच मिनिटांत सांगणारी, बिड्या वळून शिकिवलाय त्येला.

मी म्हणालो, "आक्का, तुला ती हवा चालायची नाही. समुद्राच्या हवेत क्लोरिन असतं. आधीच तंबाखूच्या धुळीनं तुझी छाती खराब झालीय. तिथं गेलीस तर दम वाढेल." वर हेही सांगितलं की आमच्या घराच्या खिडकीच्या सळ्या गंजून गेल्यात, लोखंडाची ही गत तर फुप्फुसाचं काय होईल? सळ्या खरंच गंजल्या होत्या. खोट्याला चिमूटभर खरं लावलं की ते चांगलं चिकटतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिने झारा हातात धरून माझ्याकडे बघितलं. "व्हय रं? मग तू कसा ऱ्हातूयास तितं? तुला काय हुत न्हाय न्हवं?"

तिला माझी काळजी वाटली! मी म्हणालो, मला सवय झालीय. आणि करंजी खाल्ली.

त्यानंतर तिने परत कधी विचारलं नाही. तिच्या लेखी ते शास्त्र होतं. रसायनशास्त्राचा सर सांगतोय म्हटल्यावर त्यात दुसरं कोण काय बोलणार? मी दर खेपेला तिच्यासाठी सुके बांगडे आणि सुकट न्यायचो, पिशवी भरून. समुद्रातलं सगळं तिच्यापर्यंत पोचवत होतो, तिला तेवढं समुद्रापर्यंत पोचवत नव्हतो. एकदा फोनवर म्हणाली, आवाज तरी ऐकव. मी गॅलरीत जाऊन मोबाइल हात लांब करून धरला. भरतीची वेळ होती, चांगला घुमत होता. मिनिटभराने कानाला लावला तर ती हसत होती. "बास रं बाबा, फोनातनं हवा यील न्हायतर!"

मीही हसलो. त्याच संध्याकाळी बैठकीत भजी खाल्ली, भरतीवरची पैज जिंकली.

पुढचं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मालूबाई — आक्काच्या शेजारी बसून तीस वर्षं बिड्या वळलेली बाई. वळणाऱ्या बायकांनी मिळून एक गाडी ठरवली, गोव्याला. देवदर्शन आणि समुद्र. मी सुट्टीत गेलो तेव्हा मालूबाई मला ओट्यावर गाठून सांगत होती, "आक्का आलीच न्हाय बगा, सर. खिडकीजवळची शीट राखून ठिवलेली तिच्यासाटनं. म्हणली, माझा भाऊ सर हाय, त्यो उगंच सांगंल व्हय? आन् आमालाबी म्हणली, पदर नाकाला लावून बसा." मालूबाईने माझ्याकडे नीट बघितलं. "आमाला तर काय बी झालं न्हाय वो, सर. उलट छाती मोकळी झाल्यागत वाटलं."

मी काय म्हणालो? प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, असं म्हणालो. मालूबाई ओट्यावरून उठली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

इथे थांबलो असतो तर मी फक्त खोटारडा ठरलो असतो. पण अजून एक दार उघडलं गेलं, आणि तेही मी माझ्या हाताने लावून घेतलं.

पाच-सहा वर्षांमागे आक्काचा दम खरंच वाढला. बिड्या सुटल्या होत्या, पण तंबाखू छातीत जाऊन बसला होता. मी तिला बेळगावला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तरुण होते, शांतपणे बोलणारे. त्यांनी तपासलं, पंप कसा ओढायचा ते दाखवलं आणि मला विचारलं, तुम्ही कुठे असता? कारवार म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. म्हणाले, मग घेऊन जा की यांना महिनाभर. घरात धूळ नाही, तंबाखू नाही, मोकळी हवा, सकाळी थोडं चालणं. बरं वाटेल.

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "नगो, डाक्टरसाहेब. त्या हवेत आसिड असतंय. लोखंड खातंय ती हवा. माझा भाऊ त्याच इषयाचा सर हाय." आणि माझ्याकडे वळून, कौतुकाने, "सांग की रं त्येंला."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं, माझी खात्री आहे. त्यांनी मला वेळ दिला. टेबलावर कागद होता, त्यावर पेन टेकवून ते थांबले होते. मी एवढंच म्हणायचं होतं — नाही आक्का, मी चुकीचं सांगितलं होतं. सहा शब्द! त्यांच्यासमोर लाज गेली असती, तीही बंद दाराआड, एका अनोळखी माणसासमोर. पण ती आली असती. महिनाभर गॅलरीत बसली असती. तिचा दम सुटला असता की नाही, देव जाणे. समुद्र तर बघितला असता.

मी म्हणालो, "बघू, पुढे-मागे बघू." डॉक्टरांनी मान खाली घातली आणि औषधं लिहिली.

मी निवृत्त झालो, कारवारची जागा सोडली, बेळगावात घर घेतलं. मंडळींनी वाळूवरच निरोप दिला. नाईक सर भाषणात म्हणाले, वखारवाले असूनही किती साधा माणूस. मी हात जोडले. यंदा उन्हाळ्यात आक्का गेली. शेवटचे दोन दिवस श्वास अपुरा पडत होता, पण तिची बोटं चालूच होती.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला वेदगंगेच्या काठावर गेलो. गल्लीतली सगळी माणसं आली होती. तुम्हाला रीत माहीतच असेल. माणसाला जे आवडायचं ते पानावर मांडायचं आणि बाजूला होऊन कावळ्याची वाट बघायची. शिरा, भात, मिश्रीची पुडी, चहात बुडवलेलं बेकरीतलं कडक बटर ठेवलं. मालूबाईने सुक्या बांगड्याचा एक तुकडा आणून ठेवला. ठेवला आणि माझ्या समोरच जाऊन उभी राहिली.

कावळा शिवला नाही तर काय होतं ते मला ठाऊक होतं. मग माणसं आठवायला लागतात, हिच्या मनात काय राहिलंय? कुणीतरी म्हणतं, भावा, तू बोल, तिला शब्द दे. आणि मला मोठ्याने, सगळ्या गल्लीपुढे, मालूबाईच्या डोळ्यांत बघत म्हणावं लागलं असतं — आक्का, तुला समुद्र दाखवतो. मग कुणीतरी विचारलंच असतं, आजवर का नाही दाखवला?

मी शास्त्राचा माणूस. कावळा भूक लागली की येतो, हे मी पोरांना वर्गात सांगितलेलं आहे. तरीही मी तिथे उभा राहून मनातल्या मनात विनवण्या करत होतो, ये, लवकर ये, मला बोलायला लावू नकोस.

आम्ही चार पावलं मागे सरकलो असू-नसू, तेवढ्यात कावळा आला. पहिला बांगड्याचाच तुकडा उचलला.

लोकांनी सुस्कारा सोडला. एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काय बी राहिलं न्हवतं बग तिच्या मनात. भावानं समदं केलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. मालूबाई तेवढी नदीकडे तोंड करून उभी राहिली.

खरंच राहिलं नव्हतं. ते मी वीस-बावीस वर्षांपूर्वी, करंज्या तळताना, तिच्या मनातून काढून टाकलं होतं. माझ्यावर विश्वास ठेवून तिने समुद्र बघावासा वाटणंच सोडून दिलं होतं, मग कावळा कशासाठी अडणार होता?

मी तोंडावर रुमाल धरला. माणसांना वाटलं मी रडतोय, म्हणून त्यांनी मला एकट्याला सोडलं. मी रडत नव्हतो. मला सुटल्यासारखं वाटत होतं.