सुधाकरभाऊंचं भेव

मुलांनो, देवळीतले आमचे जुने शेजारी सुधाकरभाऊ मागच्या आठवड्यात गेले. तुम्ही त्यांना पाहिलं नाही. पण आजोबांचं भाषण तुम्ही ऐकता ते त्यांच्यामुळे. मला नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते.

शाळेतले कॉम्प्युटर सांभाळून ते निवृत्त झालेले. मशीनला हात लावण्याआधी खिडकीतून विजेच्या तारांकडे बघत आणि म्हणत, "मले भेव वाटते, वहिनी. ज्याले वाटत नाई, त्याले मशीनजवळ येऊ देऊ नका."

आजोबा गेले त्यानंतरचा मे महिना. त्यांच्या निरोपसमारंभाची सीडी मी कॉम्प्युटरमध्ये घातली. त्यांचा आवाज तेवढ्या एका सीडीवर होता. पडद्यावर ड्राइव्हच दिसेना. मी सुधाकरभाऊंना बोलावून आणलं.

"सीडी गेली का, भाऊजी?"

"आत्ताच कसं सांगू? ड्रायव्हर लोड होऊन नाई राह्यला. ड्राइव्हचं बोलणं कॉम्प्युटरले समजावते तो प्रोग्राम. तो काढून टाकतो. मशीन पुन्हा सुरू झालं का नवा घेते."

"आणि नाही घेतला तर?"

सीडी त्यांनी आधी बाहेर काढून माझ्या हातात दिली.

ड्रायव्हर काढून त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तेवढ्यात माझ्या जावेनं, पुष्पानं, कूलर लावला. दिवा मंद झाला.

"बंद करा थो कूलर! मधात लाईट गेली तं मशीनच बसते!"

"देवळीच्या उन्हाळ्यात कूलर बंद? आम्ही उकडून मेलो तं चालते का, भाऊजी?" म्हणत तिनं बटण बंद केलं आणि पुठ्ठ्यानं त्यांनाच वारा घालू लागली.

पडदा काळाच होता. सुधाकरभाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. मी सीडी छातीशी धरून उभी. मग पडदा उजळला, ड्राइव्हचं नाव दिसलं. त्यांनी आधी स्वतःची एक जुनी सीडी लावून पाहिली. ती वाजली, तेव्हा कुठे आमची मागितली.

खरखर झाली. आणि आजोबा म्हणाले, "माईक सुरू आहे का रे?"

पुष्पाचा हात थांबला. मी खुर्ची ओढली.

"आता आयकू नका," सुधाकरभाऊ आवाज बंद करत म्हणाले. "आधी कॉपी. माह्यं भेव अजून गेलं नाई."

कॉपी पूर्ण होईपर्यंत ते पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पुढच्या वर्षी ती सीडी लावली, तर कुठल्याच मशीनवर वाजली नाही. त्या दुपारची कॉपी माझ्याकडे आहे, आणि तुमच्या फोनमध्ये आहे.