शॉवरखाली बसलेले बाबा

आमच्या शॉवरमधून पाणी येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण प्रत्येक थेंब आधीचा खाली पोहोचला याची खात्री करून मगच निघत होता.

नालासोपाऱ्याला तुळिंजमधल्या एका चार मजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि शाळेत विज्ञान शिकवतो. (यातल्या दुसऱ्या गोष्टीमुळेच पुढचं सगळं घडलं.) शॉवर भिंतीवरच्या छोट्या गिझरला जोडलेला होता. पाणी कमी, त्यामुळे ते आत नको इतकं तापायचं, मग गिझर आपोआप बंद व्हायचा आणि कढत थेंबांच्या जागी गार थेंब यायचे. मी आणि माझी बायको माधवी, आम्ही यावर उपाय शोधला होता. आम्ही बादली वापरत होतो.

पण पावसाळा संपता संपता बाबा आले. गावी, चांदीपला, भाताच्या बांधावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वाकायचं नाही. जन्मभर शेतावरच्या पंपाच्या धारेखाली अंघोळ केलेला माणूस आता प्लॅस्टिकच्या स्टुलावर आमच्या शॉवरखाली बसू लागला.

पहिल्या दिवशी पाऊण तासाने मी दाराबाहेरून विचारलं, "बाबा, झाली का अंघोळ?"

आतून शांतपणे उत्तर आलं, "चालू झाली की सांगतो."

चौथ्या दिवशी त्यांच्या अंगावरचा साबण अंगावरच वाळला. तो टॉवेलने झटकून ते जेवायला बसले आणि वरणभात कालवता कालवता म्हणाले, "रविवारी मला चांदीपला सोड. तिथं पानी तरी हाय."

गावच्या घरी त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वॉकर घेऊन हा माणूस तिथे एकटा काय करणार?

"दुसरं स्टूल आणू आणि बादली त्यावर ठेवू," माधवी म्हणाली. "वाकायला नको."

"तात्पुरते उपाय मला पटत नाहीत," मी म्हणालो. आज मागे वळून पाहताना, त्या आठवड्यात आमच्या घरात बोललं गेलेलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य माधवीचं होतं, एवढं मी मान्य करतो.

मी कागद घेतला. टाकी गच्चीवर, आपण दुसऱ्या मजल्यावर, मध्ये दोन मजले. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याला किती दाब असेल ते मी काढून दाखवलं. "पुस्तकाप्रमाणे आपल्याकडे पाणी जोरात यायला हवं."

"मग पुस्तकच टांगा बाथरूममध्ये," माधवी म्हणाली.

आधी मी शॉवरचं तोंड काढून दिवसभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं (इडलीच्या पातेल्यात, हे माधवीला दुसऱ्या दिवशी इडल्या खाताना कळलं). मग शिवणाच्या सुईने एकेक भोक मोठं केलं. फरक पडला. आधी थेंब सरळ बाबांच्या डोक्यावर पडायचे, ते आता चहूकडे पडू लागले, बाबा सोडून.

रविवार उजाडला. बाबांनी सकाळीच पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

"प्लंबरला बोलवा," माधवी म्हणाली.

"प्लंबर काय करणार? पाना फिरवणार. पाना मलाही फिरवता येतो."

गिझरमध्ये पाणी जिथून शिरतं तिथे एक बारीक जाळी असते, तीच तुंबली असणार, असं माझं ठरलं होतं. काम पाच मिनिटांचं. वॉकरने बाथरूमपर्यंत पोहोचायला बाबांना दहा मिनिटं लागायची, म्हणून वेळ वाचवायला मी त्यांना आधीच आत नेऊन स्टुलावर बसवलं. गिझरचं बटण आणि मेन स्विच दोन्ही बंद केले. (एवढं विज्ञान मला येतं.) बाथरूममधला पाणी बंद करायचा कॉक मात्र क्षार चढून असा घट्ट बसला होता की हलेना. तेव्हा पाणी गच्चीवरूनच बंद करायचं ठरवलं.

गच्चीवर टाकीखाली चार कॉक होते आणि एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. मी तर्काने एक निवडला आणि बंद केला. तर्क बरोबर निघाला. आमच्या बाथरूमचं पाणी गेलं. आमच्या वरच्या आणि खालच्या सगळ्या बाथरूमांचंही गेलं.

मी पाइप सोडवून जाळी बाहेर काढत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या लोपीस आँटी. डोक्यावर शाम्पूचा फेस, खांद्यावर टॉवेल.

"सर, पानी गेलं काय? साडेदहाला नातवाचा बाप्तिस्मा हाय, चर्चात जायचंय मला."

"काहीतरी काम चाललंय वाटतं," मी जाळी मुठीत लपवत म्हणालो.

"कुठं?"

"वर."

हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आँटी लगेच सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, नाईकांकडे गेल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन माधवीला जाळी दाखवू लागलो. वाळू आणि क्षार मिळून तिच्यावर पेढ्यासारखा थर बसला होता.

"बघ, पुस्तक बरोबर होतं," मी म्हणालो.

तिकडे नाईक गच्चीवर पोहोचले होते. त्यांनी कॉक पूर्ण उघडला.

बाथरूममधून धबधब्यासारखा आवाज आला, पाठोपाठ बाबांची आरोळी. मी धावलो. उघड्या पाइपातून मनगटाएवढी धार थेट बाबांच्या छातीवर आदळत होती. मी पाइपावर तळहात दाबला, तर पाणी चारही बोटांमधून फुटून छतावर, आरशावर आणि माझ्यामागून पॅसेजमध्ये आलेल्या माधवीवर गेलं.

"हात काढ," बाबा म्हणाले.

"बाबा, लागलं का कुठे? हलू नका."

"अरे, हात काढ ना. आत्ता कुठं येतंय."

मी हात काढला. बाबांनी डोळे मिटले, साबण मागून घेतला आणि ऑपरेशननंतरची पहिली खरी अंघोळ केली. पाणी गार होतं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. तोवर हॉलमध्ये चपला तरंगू लागल्या होत्या आणि त्यांची भरलेली पिशवी दाराशी भिजत होती.

त्यांची अंघोळ झाल्यावर नाईकांना सांगून पाणी पुन्हा बंद करून घेतलं. धुतलेली जाळी बसवली, पाइप जोडला. शॉवर नीट चालू लागला.

लोपीस आँटी ठेवणीतली साडी नेसून चर्चला निघाल्या होत्या. जाता जाता दारात थांबल्या. "सर, कोणी बंद केलेला कॉक, कळलं काय?"

मी काही बोलण्याआधीच आतून, केस विंचरत असलेल्या बाबांनी अभिमानाने सांगितलं, "आमच्या मास्तरनं. झकास काम केलं पोरानं."

बाबा पुढे तीन महिने राहिले. चांदीपचं नाव त्यांनी काढलं नाही.

त्या अंघोळीच्या दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर नाईकांनी सूचना लावली: "शॉवरला पाणी कमी येत असल्यास प्लंबरला बोलवावे. सरांना सांगू नये." त्याखाली कोणीतरी निळ्या पेनाने भर घातली होती: "सरांना कळूही देऊ नये."

अक्षर माधवीचं होतं.