फाटकी अक्षरं

येडगावच्या रस्त्याला एका फ्लेक्सवाल्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक आलं की स्क्रीनवरची नजर न काढता तो विचारतो, "फाटकी का साधी?" फाटकी म्हणजे कोरड्या ब्रशनं झपकन ओढल्यासारखी, कडा विस्कटलेली अक्षरं. बैलगाडा शर्यत, मिसळ, वाढदिवस, सगळीकडं त्याची तीच.

माझे वडील, अण्णा, गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी मी त्याला "साधी" म्हणून बजावलं. त्यानं मान डोलावली. संध्याकाळी फ्लेक्स उलगडला, तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' साधं आणि अण्णांचं नाव फाटकं! मी भडकलो.

"साधं करून बघितलं व्हतं, भाऊ," की-बोर्डवरची धूळ फुंकत तो म्हणाला. "पण शर्यतीच्या फ्लेक्सवर आयोजक म्हणून आण्णांचं नाव मी कायम ह्यातच छापलंय. साध्यात ते मलाच वळखू येईना."

 मी फ्लेक्स तसाच नेऊन चौकात बांधला. शिडीवरून उतरतोय तोच रस्त्यापलीकडं एक मोटरसायकलवाला थांबला. लांबूनच अण्णांचं नाव वाचून ओरडला, "शर्यत कवा हाय, राव?"

आणि मीही मान वर करून तारीख शोधायला लागलो.