बंबाचा कायदा

यंदा थंडीत लेकीनं हौसेनं डोंगरावरच्या एका बंगल्यावर नेलं. अंगणात मोठा लाकडी टब, त्याला लाकडं घालून पेटवायची शेगडी. अंग शेकून मी बाहेर आलो आणि, हात आपोआपच गेला, बादलीभर गार पाणी टबात ओतलं.

"बाबा, काय करताय? गार होईल ना सगळं!" लेक ओरडली.

आता हिला काय सांगायचं? आमच्या परसात तांब्याचा बंब होता. त्याचा कायदा एकच. तोटीतून जेवढं ऊन पाणी काढाल तेवढं गार पाणी वरून ओतायचं. त्यामुळे जो तो आधीच्यानं भरलेल्या पाण्यानं न्हायचा. आईचा नंबर कायम शेवटचा, तरी तीही बंब भरून ठेवायची.

"आता कुणासाठी गं?" मी विचारायचो.

"उद्या जो पहिला न्हाईल त्याच्यासाठी."

ती गेली ती अशाच थंडीतल्या पहाटे, झोपेतच. तिला शेवटची आंघोळ घालायची म्हणून वडील बंब पेटवायला गेले. पाणी ओतायला त्यांनी कळशी उचलली, झाकण काढलं आणि कळशी तशीच खाली ठेवली. बंब काठोकाठ भरलेला होता.

त्या दिवशी पहिला नंबर आईचा होता.